हं, बोला

"तीन मिनिटं झाली. वाढवायचे का?"

काकू हे कुठेही म्हणायच्या. दारात उभं राहून शेजारणीशी बोलताना, भाजीवाल्याशी घासाघीस करताना, एकदा तर डॉक्टर आजार समजावून सांगत असताना सुद्धा. समोरचा जरा पाल्हाळ लावू लागला की त्यांच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडायचं, आणि तेही घड्याळाकडे न बघता. मी एकदोनदा माझ्या घड्याळात पडताळून पाहिलं, फारसं चुकत नसे. नव्या माणसाला तो अपमान वाटे. ओळखीची माणसं हसून विषय आवरता घेत.

तुमच्यापैकी ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून वाट बघण्यात दुपारी घालवल्या असतील त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. कधीतरी घंटी वाजायची, लाइन जोडून मिळायची, बोलणं रंगात यायचं आणि मध्येच एक बाई सांगायच्या की तीन मिनिटं झाली. आणखी हवी असली तर हो म्हणायचं, नाहीतर बोलणं तुटायचं. नागपूरच्या एक्स्चेंजमध्ये ज्या बाया हे काम करायच्या त्यांतल्या काकू एक. सारी नोकरी त्यांनी कानाला हेडफोन लावून काढली.

मी त्यांना चेहऱ्याच्या आधी आवाजाने ओळखत होतो. माझं सीताबर्डीला दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कॉम्प्युटर. सुटे भाग मुंबईहून मागवावे लागत, त्यामुळे ट्रंक कॉल नेहमीचेच. फोन उचलला की पलीकडून "हं, बोला" असं यायचं. एवढेच दोन शब्द, पण ते ऐकून माणसाला वाटायचं की आपलं काम होणार. काम व्हायचंच असं नाही.

तर एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्यावर मोठी रेग्झिनची पिशवी. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी माझं बोलणं चालू होतं. त्या शांतपणे बाजूला उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक गेलं, मी त्यांच्याकडे वळून "काय पाहिजे?" म्हणणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "हं, बोला." मी चपापलो. गिऱ्हाइकाने दुकानदाराला असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. पण आवाज ओळखीचा निघाला आणि मला उगाचच उभं राहावंसं वाटलं.

पिशवीत टीव्हीला जोडायचा एक घरगुती कॉम्प्युटर होता. भाच्याने परदेशातून खेळ खेळायला आणलेला. भाचा संसाराला लागला, कॉम्प्युटर कपाटात गेला, तिथून आता काकूंकडे आला होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, याच्यात माणसाचा आवाज राह्यते का?"

कामावर त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, गरजेप्रमाणे हिंदी आणि इंग्रजीही. कानावरून हेडफोन उतरला की बोली बदलायची. चप्पल काढून घरात शिरावं इतक्या सहज त्या एका बोलीतून दुसरीत शिरत.

मी म्हटलं, आवाज राहतो, पण आवाजाला जागा फार लागते. फ्लॉपीवर दोनचार शब्दांत खेळ आटोपेल. त्यापेक्षा टेपरेकॉर्डर घ्या.

"टेप आहे घरी," त्या म्हणाल्या. "टेपवर माणूस सरळच बोलत जाते. मधातला एक शब्द पाह्यजे असला तं फिरवत बसा. मले एक कळ दाबली का एक शब्द पाह्यजे."

"कोणाचा आवाज?"

"घरच्यायचा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकणार आहेत."

हे वाक्य त्या लाइन आज खराब आहे असं सांगावं तशा म्हणाल्या.

त्यांचं घर हुडकेश्वरला. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. प्लॉट पडलेले, मध्येमध्ये तुरीची शेतं, आणि रस्ता पावसाळ्यात दिसेनासा होणारा. दोन खोल्यांचं घर. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टीव्ही, आणि खिडकीत भलामोठा कूलर. मी आत पाऊल टाकलं तसा खाटेवरून मोठ्याने "जयभीम" आला. काका.

हा माणूस मिरचीच्या बाजारात लिलाव पुकारायचा. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहायचं, खाली आडते आणि व्यापारी, हवेत मिरचीचा खकाणा, सगळे खोकतायत, आणि त्या सगळ्यांच्या वर यांचा आवाज. वरून तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. गळ्याने किती सोसावं? आता तो आवाज घोगरा झाला होता, तरी त्यांनी पाणी मागितलं की तिसऱ्या प्लॉटवरचं कुत्रं मान वर करायचं.

दोघांचं लग्न कसं जमलं हे काकांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. कोणी विचारायची वाट बघणारा माणूस तो नव्हता. बाजारातून आंध्रात गुंटूरच्या मिरची व्यापाऱ्यांना फोन लावायचं काम त्यांच्याकडे असे. लाइन जोडली जायच्या आधीच ते ओरडायला सुरुवात करत आणि काकूंचे कान फुटायची पाळी येई.

"मले म्हणे, आधी विचारत जा, मंग बोलत जा," काका म्हणाले. "तं मी दरवेळेस विचारू लागलो, बोलू का बाई? ते म्हणे, हं, बोला. असं बोलता बोलता लग्नच झालं गा."

"तीन मिनिटं झाली," काकू आतून म्हणाल्या.

कामाला लागलो. आवाज आत घेणारी एक डबी आणि माइक माझ्याकडे होता. मोठा प्रश्न डिस्कचा. काकूंनी फंडातून पैसे काढले आणि मी मुंबईहून एक हार्ड डिस्क मागवली. वेगळ्या पेटीतली, पुढे लाल दिवा असलेली, आणि ती कॉम्प्युटरला जोडण्यासाठी कंट्रोलरचं कार्ड. या जोडणीला आम्ही दुकानदार लोक स्कझी म्हणायचो. तिची रीत अशी, की एकाच जाड वायरीवर एकामागून एक अशी बरीच यंत्रं लावता येतात. मात्र प्रत्येकाला स्वतःचा वेगळा नंबर द्यावा लागतो, आणि वायरीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं बूच बसवावं लागतं. बूच नसलं तर वायरीतला संदेश टोकावर आपटून परत येतो आणि सगळ्यांचाच गोंधळ होतो.

मी हे गिऱ्हाइकांना सांगत नाही, त्यांना ते नको असतं. काकूंनी मात्र खोदून खोदून विचारलं. कंट्रोलरचा नंबर सगळ्यांत वरचा आणि दोघांना एकदम बोलायचं असलं तर वरच्या नंबराचं आधी चालतं, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे सुपरवायझर." पुढे त्या त्या कार्डाला सुपरवायझरच म्हणत राहिल्या. कार्ड गरम झालं तर, "आज सुपरवायझर तापले आहेत."

मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. एका कळीला एक शब्द. आता शब्द कोणते ठेवायचे, यावर नवराबायकोत जुंपली. काकूंना कामाचे शब्द हवे होते. पाणी, चहा, दुखतं, बसा, लाइट गेली, कूलरात पाणी टाका. काकांना वेगळंच काहीतरी हवं होतं. लिलावाची एक अख्खी बोली, हसणं, आणि मी इथे लिहू शकत नाही अशी एक शिवी.

"शिवी कायले पाह्यजे?" काकू म्हणाल्या.

"इतकं बोलणं बंद होऊन राहिलं, तं एक शिवी नाही ठेवू का वं? दवाखान्यात मनातल्या मनात देऊ का?"

शिवीला कोपऱ्यातली एक कळ मिळाली. काकूंनी त्या कळीवर चिठ्ठी चिकटवू दिली नाही.

मी दोघांना सगळं शिकवलं, डिस्कचा दिवा लागलेला असताना वायरीला हात लावायचा नाही असं बजावलं, आणि दुकानावर परत आलो. काही दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज पुस्तकी, कामावरचा. "भाऊ, मशीन काही दाखवत नाही. कृपया येऊन जा." पुस्तकी बोलल्या म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मला तोवर समजलं होतं.

घडलं होतं ते असं. ट्रंकच्या बोर्डावर ज्याचं बोलणं त्याची लाइन जोडणारी वेगळी दोरी. बोलणं संपल्याची खूण दिव्याने केली की ऑपरेटरने ती दोरी लगेच उपटून घ्यायची, पुढच्या माणसासाठी जागा मोकळी करायची. जो उशीर करेल तो आळशी. काकूंच्या हातात हे इतकं मुरलेलं, की शब्द रेकॉर्ड झाला, डिस्कचा लाल दिवा विझला, की त्यांचा हात जाई आणि वायर उपटून घेई. मी सांगितलेलं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. दिवा लागलेला असताना त्यांनी वायरीला बोटही लावलं नव्हतं. पण दिवा विझला म्हणजे डिस्कचं काम संपलंच असं नसतं. कुठला शब्द कुठे ठेवला ही नोंद ती मागाहून करते. ती नोंदच विस्कटली होती. पुस्तकातली पानं शाबूत, पण सगळे आकडे पुसलेले, असा प्रकार.

मी बराच वेळ खटपट केली. मग सांगितलं, "सगळं पुसून नव्याने करावं लागेल."

काका खाटेवर पाठ करून पडले होते. एवढे दिवस बोलून बोलून त्यांचा घसा सुजला होता. डॉक्टरांनी खरं तर बोलू नका म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीख अगदी तोंडावर आली होती.

काकूंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लाइन तुटली म्हणायची. पुन्हा लावा."

रडणं नाही, कपाळाला हात नाही. मला त्यांचं तेव्हा फार वाईट वाटलं. मी वायर पेटीच्या मागे स्क्रूने घट्ट आवळून टाकली. काका कुशीवर वळले. "लिलाव मोडला तं पुन्हा पुकारा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भाव कमी येईन, एवढंच."

दुसऱ्या खेपेचे बरेच शब्द माझ्यासमोर रेकॉर्ड झाले. मे महिना होता. कूलर चालू ठेवला की त्याची घरघर आवाजात येई, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून बसणं काय असतं हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. आम्ही तिघेही घामाने निथळत असू. एवढं करूनही एका "चहा"च्या मागे भंगारवाल्याची आरोळी आली ती आलीच. तो शब्द परत घेऊ म्हटलं तर काका म्हणाले, राहू दे, त्याचं गिऱ्हाईक तुटन.

आता काका हबकले होते. पहिल्या वेळी मनाला येईल तेव्हा बोलून टाकलं आणि सगळं वाया गेलं, म्हणून या वेळी ते प्रत्येक शब्दाआधी परवानगी मागू लागले. काकू कळ दाबत. माइककडे तोंड करून काका विचारत, "बोलू का वं?" काकू दिव्याकडे बघून म्हणत, "हं, बोला." मग काका म्हणत, "पाणी." पुढचा शब्द. "बोलू का वं?" "हं, बोला." "दुखते." कळ आधीच दाबलेली असल्यामुळे हे सगळंच्या सगळं डिस्कवर जाऊन बसत होतं.

माझ्या ते लगेच लक्षात आलं, पण काकांना अडवण्यात अर्थ नव्हता. अडवलं की ते खोकत सुटत आणि मग बराच वेळ काम होत नसे. मी ठरवलं, नंतर छाटून टाकू. अर्धे शब्द झाले आणि डिस्क भरली.

मी माणसांच्या बाबतीत बेफिकीर असेन, पण डिस्कवरची जागा वाया गेलेली मला बघवत नाही. काकूंना मी पडद्यावर दाखवलं. हा एवढा भाग "बोलू का", हा एवढा "हं, बोला", आणि शेवटचा हा इवलासा तुकडा म्हणजे शब्द. पुढचं कापून टाकू, सगळे शब्द याच डिस्कवर मावतील आणि जागा उरेल.

"नाही कापायचं," काकू म्हणाल्या.

"अहो, पण तुमचा आवाज कशाला पाहिजे त्यात? तुम्ही तर घरातच आहात."

"माह्या आवाजाचं काही नाही, भाऊ. त्यायचं विचारणं कापल्या जाईन." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "जिंदगीभर लोकायचं बोलणं तोडलं मी. कोणाचा बाप मेला, तो रडून राहिला, तरी मी मधात सांगतलं, तीन मिनिटं झाली म्हणून. ड्यूटी होती. घरच्या माणसाचं नाही तोडत. दुसरी डिस्क लावा."

मी दुसरी डिस्क लावली. ती एका बंद पडलेल्या संस्थेच्या मशीनमधून मिळाली. जरीपटक्याच्या बाजारातून जादा वायर आणली. पहिल्या डिस्कचं बूच काढून ते आता टोकाला आलेल्या दुसऱ्या डिस्कवर बसवलं, आणि तिचा नंबर बदलू लागलो, तर काकू आडव्या आल्या. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही डिस्कना एकच नंबर द्या.

"एका घरात दोन फोन असले तं नंबर एकच राह्यते. कोणीबी उचललं तरी घर तेच."

मी म्हटलं, इथे दोघी एकदम उचलतील आणि कोणाचंच ऐकू येणार नाही. त्यांना काही केल्या पटेना. शेवटी मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करून दाखवलं. कॉम्प्युटर आधीच्या डिस्कलाही ओळखेना. काकूंनी बराच वेळ त्या रिकाम्या पडद्याकडे बघितलं. "अजब एक्स्चेंज आहे तुमचं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या. वेगळा नंबर दिला, दोन्ही दिवे लागले. उरलेले शब्द ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत पुरे झाले. शेवटचे काही शब्द शब्द कसले, नुसता वारा होता.

ऑपरेशन ठीक झालं. काका घरी आले ते गळ्याला भोक घेऊन आणि आवाज न घेता. आता खरं सांगायचं तर आमच्या यंत्राचा रोजच्या व्यवहारात फार उपयोग झाला असं मी म्हणणार नाही. पाणी हवं असलं तर माणूस अंगठा तोंडाकडे नेतो, तेवढ्यात काम होतं. बाकीचं सांगायला पाटी होती. पाहुणा दारात आला की काका मोठ्या हौसेने "बसा"ची कळ दाबत. मशीन विचारी, "बोलू का वं?" मशीनच म्हणे, "हं, बोला." मग "बसा" येई, तोवर पाहुणा बसून पाणी प्यायलेला असे. शेजारच्या बाईंनी एकदा टेबल पुसता पुसता कोपऱ्यातली कळ दाबली. आधी परवानगी मागून मग दिलेली ती शिवी ऐकून बाई हातातलं फडकं टाकून पळाल्या. काका खाटेवर आडवे होऊन आवाज न करता हसत राहिले.

काकू नोकरीतून मोकळ्या झाल्या होत्या. आता लोक घरूनच परगावी थेट फोन फिरवू लागले होते, ट्रंकच्या बोर्डापाशी पूर्वीची गडबड उरली नव्हती. दुपारी त्या यंत्राची धूळ पुसत. माझ्या सांगण्याविरुद्ध त्यांनी ते कूलरच्या अगदी समोर ठेवलं होतं. सुपरवायझरला गरम होतं म्हणून. कूलरचा वारा ओला असतो, यंत्राला मानवत नाही, हे सांगून मी थकलो. तीन मिनिटं झाली म्हणून त्यांनी मलाही गप्प केलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याशी बसल्या, आणि संपलं. मी त्या दिवसांत मुंबईला होतो. परत आल्यावर भेटून आलो. काका पाटी मांडीवर घेऊन बसले होते. ती कोरीच होती. यंत्रावर कापड टाकलेलं होतं. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. अशा वेळी काय करायचं असतं हे मला आजही नीट येत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या शेजाऱ्याचा दुकानात फोन आला. काकांचा कॉम्प्युटर बंद पडलाय, ते जेवत नाहीयेत, येऊन जा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय ते मला समजलं नाही. मला वाटलं, शेजारी दोन बातम्या एका दमात देतोय.

गेलो. यंत्रावर कापड नव्हतं. कळांवरच्या चिठ्ठ्या बोटांनी झिजून काळ्या पडल्या होत्या, "कूलरात पाणी टाका"ची सुद्धा. ती कळ इतकी दाबून कूलरात पाणी टाकायला घरात दुसरं होतं कोण? पण तेव्हा मी एवढा विचार केला नाही, मी मागची वायर बघत होतो. माझा अंदाज खरा निघाला. कूलरच्या ओल्या वाऱ्याने टोकाच्या बुचाच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून स्वच्छ केल्या, बूच परत बसवलं, बटण दाबलं. दोन्ही डिस्क गुरगुरल्या, दिवे लागले.

"बघा काका, एखादी कळ दाबून."

त्यांनी "पाणी" दाबलं.

"बोलू का वं?" त्यांचा तो घोगरा आवाज खोलीत आला. मग काकूंचा, "हं, बोला." मग पुन्हा त्यांचा, "पाणी."

मी आत जाऊन माठातलं पाणी पेल्यात घेऊन आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, नुसती मान हलवून नको म्हटलं. पुन्हा तीच कळ दाबली. या वेळी त्यांचा डावा हात टीव्हीच्या आवाजाच्या बटणावर होता. "बोलू का वं?" "हं, बोला." आणि त्यांनी आवाज बंद केला. त्यांचा स्वतःचा शब्द मुका निघून गेला.

मग पुढची कळ. मग तिच्या पुढची. कोणता शब्द होता ते मला कळायला मार्ग नव्हता, दर वेळी त्याच्या आधीच खोली गप्प होत होती. फक्त काकू तेवढ्या ऐकू येत होत्या. एकदा थकलेल्या, एकदा हसू दाबलेल्या, एकदा भंगारवाल्याच्या आरोळीवर वैतागलेल्या, एकदा अगदी हळू, शेवटच्या दिवशीच्या. माझ्या हिशेबात वाया गेलेली जागा ती हीच.

मी पेला धरून तसाच उभा राहिलो. बाहेर अंधारून आलं होतं, पण काका कळा दाबत होते आणि मला जा म्हणत नव्हते. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. सांगायला कोणी नव्हतं.